डाख आणि राळ : घरगुती विजेच्या जोडकामासंबंधीं

सोयाबीन व हळद यांवर औषध फवारण्याचे दिवस आले कीं हिंगोली, वसमत, कळमनुरी या भागांत पाठीवरील बॅटरीचे पंप बाहेर निघतात. एखादा पंप चालत नाहीं म्हणून उघडून पाहावा, तों पुष्कळदां मोटार धड, बॅटरीही धड. सुटलेला असतो तो केवळ तारेचा टांका. एवढ्यासाठीं ऐन उघडिपीचा दिवस तालुक्याच्या गांवीं घालवावा लागतो. हें काम घरीं होण्यासारखें आहे. परंतु पुष्कळांचा डाख धरत नाहीं, आणि धरला तरी लवकरच सुटतो. त्याचें कारण बहुधा एकच असतें.

तांब्यावर हवेच्या योगानें एक सूक्ष्म पापुद्रा चढतो, आणि तार तापविली म्हणजे तो अधिकच वेगानें वाढतो. त्यास डाख चिकटत नाहीं. अळवाच्या पानावरील थेंबाप्रमाणें गोळी होऊन घरंगळतो. हा पापुद्रा काढणारा व तापत असतां हवेस दूर ठेवणारा जो पदार्थ, त्यास फ्लक्स म्हणतात. नांव परकीय असलें तरी वस्तु आपणांस नवी नाहीं. कल्हईवाला भांड्यांत नवसागर टाकतो, सोनार टांक्यास टाकणखार लावतो. दोहोंचें काम हेंच.

मात्र विजेच्या तारेस नवसागर किंवा तीव्र आम्लाचें द्रव्य लावूं नये. त्याचा अंश मागें राहून हवेंतील ओल शोषतो, तांबें हिरवें पडतें आणि सांधा खाल्ला जातो. येथें राळच पाहिजे. चीड वृक्षाच्या डिंकांतून टर्पेंटाईन काढून घेतल्यावर ती उरते. थंड असतां ती निरुपद्रवी असते. तापली म्हणजेच कामास लागते.

कृति येणेंप्रमाणें. प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. तारेचीं टोकें चकचकीत खरवडून पीळ द्यावा व राळ लावावी. 25 ते 35 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचें टोंक तारेखालीं धरावें आणि डाख तारेस वरून टेकवावा. डाख तारेच्या उष्णतेनें वितळला पाहिजे. कथील 232 व शिसें 327 अंश सेल्सिअसवर वितळतें. पण 60 भाग कथील व 40 भाग शिसें यांचा डाख 183 अंशांवरच वितळूं लागतो. तो पिळांत शिरला कीं आयर्न काढावें, आणि थिजेपर्यंत तार हलवूं नये. शेवटीं सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळावी.

राळेचा धूर छातींत गेल्यास दमा जडूं शकतो. म्हणून उघड्या हवेंत बसावें. शिसें विषारी आहे. मुलांस दूर ठेवावें व हात धुतल्याशिवाय अन्नास शिवूं नये. ॲल्युमिनियमच्या तारेवर राळेचें कांहीं चालत नाहीं.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरांत स्क्रूखालीं बसणाऱ्या तारेच्या टोकास डाख कधींही देऊं नये. दाबाखालीं तो हळूहळू दबतो, स्क्रू सैल पडतो, सांधा तापतो व शेवटीं जळतो. तेथें दाबून बसविलेला लगच पाहिजे, आणि तें काम परवानाधारक तारतंत्र्याचें आहे. पंपाचा टांका चुकला तर फवारणी राहील. स्टार्टरचा चुकला तर माणूस जाईल.