वंशावळीतील कोरा रकाना

शिरूर, दौंड परिसरातील जैन घरांत विवाहाची बोलणी सुरू झाली की परिचयपत्रात गोत्र येते, आजोळचे गोत्र येते, राजस्थानातील मूळ गाव येते, दुकानाचा पत्ताही येतो. कोणत्या काकांचा मुलगा लहानपणीच चालेनासा झाला, कोणत्या आत्याची दोन बाळे वर्षाच्या आत गेली, यासाठी तेथे रकाना नसतो. घरात ते ठाऊक असते. पण बाहेर कळले तर उरलेल्या मुलींची स्थळे अडतील, या धास्तीने कोणी बोलत नाही. दुर्मिळ आजारांचे निदान करणाऱ्या आधुनिक यंत्रांना उणीव भासते ती नेमकी याच माहितीची.

याचे बोलके उदाहरण मुंबईत घडले. बॉम्बे हॉस्पिटलमधील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बी. एस. सिंघल यांच्यासमोर एका विशिष्ट आजाराची मुले आली. पहिल्या वर्षातच डोके प्रमाणाबाहेर वाढे, पुढे चालण्यात तोल जाई, आकडी येई. बुद्धी मात्र बराच काळ शाबूत राही. एमआरआयच्या चित्रात मेंदूतील पांढरा भाग सुजलेला व त्यात पाण्याच्या गाठी दिसत. चित्र यंत्राने दाखविले; परंतु ही मुले अग्रवाल समाजातील आहेत, हे कुटुंबांची विचारपूस केल्यानेच उमगले. १९९० च्या दशकात त्यांनी व सहकाऱ्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. २००४ मध्ये उलगडा झाला, की या अग्रवाल रुग्णांमध्ये एमएलसी१ नावाच्या जनुकातील एकच समान दोष आहे. कोणा एका प्राचीन पूर्वजाचा तो वारसा होता. त्यामुळे त्या समाजातील अशा मुलासाठी आता सारे जनुक धुंडाळण्याची गरज उरली नाही. एका ठरावीक जागेची रक्तचाचणी आधी करता येते.

असा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर व्यक्ती निरोगी राहते आणि तो नकळत पुढे जातो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. ‘आम्ही गोत्र टाळतो, मग भीती कसली?’ असे अनेक जण विचारतात. गोत्र केवळ पित्याच्या बाजूने चालते. जनुके आई, आजी, पणजी अशा साऱ्या वाटांनी येतात. काही घरांत आजोळचेही गोत्र टाळतात, तेवढी काळजी अधिक. तरीही मोजक्या कुटुंबांच्या समाजातच पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी झाल्या, की भिन्न गोत्रांतही एकच जुना दोष आढळू शकतो.

आज थोड्याशा रक्तातून माणसाच्या सुमारे वीस हजार जनुकांचे वाचन एकदम करता येते. नमुना दौंडच्या डॉक्टरांनी घेऊन पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेकडे धाडला तरी चालतो. प्रत्येकाच्या जनुकांत हजारो फरक निघतात, बहुतेक निरुपद्रवी. संगणक ते चाळून संशयित मोजके उरवितो. चेहऱ्याच्या छायाचित्रावरून संभाव्य आजार सुचविणारी प्रणालीही तज्ज्ञ वापरतात. मात्र ती ज्या छायाचित्रांवर शिकली, त्यांत युरोपीय वंशाचे चेहरे अधिक होते. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. एवढे असूनही अहवालात कित्येकदा ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. मग आई-वडिलांचे रक्त तपासावे लागते, आणि त्याच आजाराचा चुलत वा मावस भाऊ असेल तर त्याचेही. तो भाऊ कुटुंबाने लपविला असेल, तर महागडा अहवाल तसाच पडून राहतो.

नोंदीचे मोल शिरूर तालुक्याला नवे नाही. तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांनी उभे केले. तेथूनच २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील बावीस गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवली जाते. ती दुर्मिळ आजारांसाठी नाही हे खरे, पण घरातील माणसाचे काय झाले हे विचारणे आणि लिहून ठेवणे या भागात अशक्य नाही, एवढे त्यातून दिसते.

खर्चाची चिंता रास्तच आहे. केंद्राने २०२१ मध्ये दुर्मिळ आजार धोरण जाहीर केले. त्याखालील उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांच्या उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. परंतु त्यासाठी आधी आजाराला नाव लागते.

जनुकतज्ज्ञ प्रथम यंत्राकडे वळत नाहीत. ते कोरा कागद घेतात. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढतात आणि आजारी व्यक्तीची आकृती काळी भरतात. तीन पिढ्या विचारतात: कोण लवकर गेले, कोण चालत नव्हते, कोणाचे मूल वाचले नाही. तरुण आई-वडील एकमेकांकडे पाहू लागतात, कारण त्यांना सांगितलेलेच नसते. अशा वेळी घरून आजीला सोबत आणले असेल, तर तो कागद भरू लागतो.