गुडघेदुखीवर विश्रांती नव्हे, व्यायाम हवा

'वय झाले की गुडघे दुखायचेच,' असे म्हणत अनेक जण पन्नाशीनंतर जिना टाळतात, फिरणे बंद करतात आणि दिवसाचा बराच वेळ बसून काढतात. दुखणाऱ्या सांध्याला आराम द्यावा, हा विचार वरवर योग्य वाटतो. संधिवातात मात्र हीच सवय दुखणे वाढवते.

संधिवात हा एकच आजार नाही. उतारवयात सर्वाधिक आढळतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते. सकाळी सांधा आखडतो, पण साधारणतः अर्ध्या तासात मोकळा होतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजेच आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. त्यात हातापायांचे लहान सांधे सुजतात आणि आखडलेपणा तासाहून अधिक काळ टिकतो. त्यावर वेळीच औषधे सुरू करावी लागतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून निदान करून घेणे आवश्यक आहे.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणातून होते आणि त्यासाठी हालचाल लागते. चालताना गुडघ्यावर येणारा भार पेलण्यास मांडीचे स्नायू मदत करतात. दुखते म्हणून चालणे थांबते, त्यामुळे स्नायू अशक्त होतात आणि दुखणे आणखी वाढते. हे दुष्टचक्र तोडण्याचे काम फिजिओथेरपी करते.

घरी करता येण्याजोगे काही व्यायाम असे :

* पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. गुडघ्याने ती ५ ते १० सेकंद दाबून धरावी. असे १० वेळा करावे.
* उताणे झोपून एक गुडघा वाकवावा व दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा.
* खुर्चीतून सावकाश उठावे व बसावे.

व्यायामानंतर थोडे दुखणे स्वाभाविक आहे. ते दोन तासांहून अधिक टिकल्यास दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावे. आखडलेल्या सांध्याला गरम शेक, तर सुजलेल्या सांध्याला कापडात गुंडाळलेला बर्फ आराम देतो. सांधा लाल व गरम होऊन ताप आल्यास मात्र व्यायाम न करता त्वरित डॉक्टरांकडे जावे.

दैनंदिन सवयींतही बदल हवा. उकिडवे बसणे व मांडी घालणे टाळावे, शौचालयात कमोडचा वापर करावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. एक किलो वजन घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

झिजलेली कूर्चा व्यायामाने पूर्ववत होत नाही. परंतु वेदना कमी होतात आणि स्वतःच्या पायांनी जिना चढण्याचे बळ टिकून राहते. त्यासाठी काही आठवडे नियमितपणे आणि नंतरही सातत्याने व्यायाम करण्यास पर्याय नाही.