मद्यचाचणीस नकार (भारतीय कायदा)

मद्यपान करून वाहन चालवल्याचा संशय असलेल्या चालकाने श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना देण्याचे नाकारणे, यास मद्यचाचणीस नकार म्हणतात. भारतात याविषयीच्या तरतुदी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०२ ते २०५ मध्ये आहेत. नवी मुंबई पोलिसांची वाहतूक शाखा ३१ डिसेंबरसारख्या प्रसंगी नाकाबंदी करून जी तपासणी करते, तिलाही याच तरतुदी लागू होतात.

ब्रिटनमध्ये वाजवी कारणाविना नमुना न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतात मूळ आरोप कलम १८५ खालील मद्यपी वाहनचालनाचाच राहतो आणि नकाराचा विचार त्या खटल्यातील एक परिस्थिती म्हणून होतो.

कार्यपद्धती

कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाजवी संशय असल्यास गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो. नकार देणाऱ्या संशयितास वॉरंटविना अटक करता येते. रुग्णालयात दाखल असलेल्या व्यक्तीस मात्र नाही. अटकेनंतर पोलीस ठाण्यात चाचणीची पुन्हा संधी द्यावी लागते. तीही नाकारल्यास नोंदणीकृत डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो. स्त्रीच्या बाबतीत तो स्त्री डॉक्टरने किंवा अन्य स्त्रीच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. मात्र या सुटकेने खटला संपत नाही.

नकाराचा परिणाम

कलम २०५ नुसार, वाजवी कारण न दाखवल्यास, न्यायालय नकाराला सरकार पक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी किंवा बचावाच्या पुराव्याचे खंडन करणारी परिस्थिती मानू शकते. तसे मानणे न्यायालयावर बंधनकारक नाही. शिवाय, नकार पुराव्याला बळ देतो, त्याची जागा घेत नाही.

बचावाचे मुद्दे

* वाजवी कारण : श्वसनविकार किंवा अपघातातील इजा यांसारखे कारण वैद्यकीय कागदपत्रांनिशी मांडता येते.
* कार्यपद्धतीतील त्रुटी : नमुना प्रत्यक्ष मागितला होता का आणि पोलीस ठाण्यात दुसरी संधी दिली होती का, हे तपासले जाते.
* अपुरा पुरावा : तोंडाला येणारा मद्याचा वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यसेवन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मुंबई दारूबंदी कायद्याखालील एका प्रकरणात म्हटले.

स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग न पाडले जाण्याचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील हक्क येथे फारसा उपयोगी ठरत नाही. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने १९६१ मध्ये दिला.

विमा

चाचणी झाली नसली तरी विमा कंपनी अन्य पुराव्याने चालक मद्याच्या अमलाखाली असल्याचे सिद्ध करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे फौजदारी खटल्यातून सुटलेल्या चालकाचाही विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो.