ठिपके गेले, कोर्स राहिला

साताऱ्यात 31 वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं. दर आठवड्याला एखादं तरी गिऱ्हाईक उरलेल्या गोळ्या घेऊन यायचं. "ताप उतरला, ह्या परत घ्या की." प्रत्येकाला मी तेच ऐकवायचो : ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, कोर्स पुरा करा. आणि तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कोर्स अर्धवट सोडायची नेमकी हीच चूक मी केली. पेशंट होते नातीच्या फिशटँकमधले मासे.

तीन फुटी टाकी, त्यात गप्पी आणि प्लॅटी मिळून अकरा मासे. वर्षभर सगळं छान होतं. पुण्याहून येताना चार काळ्या मोली आणल्या आणि घरी येताच टाकीत सोडून दिल्या. चौथ्या दिवशी एका मोलीच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. ती खडीवर अंग घासत होती. मी निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणून टाकीत ओतलं. काही दिवसांत ठिपके गेले आणि मी औषध बंद केलं. आठवडाभरातच सगळ्या माशांवर रवा सांडल्यासारखा दिसू लागला. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. पंधरांतले चार वाचले.

चुकलं कुठे, ते नंतर वाचून कळलं. हे ठिपके म्हणजे एक एकपेशीय परजीवी, इक्थिऑप्थिरियस मल्टिफिलिस. नावाचा अर्थ साधारण 'पुष्कळ पोरांची माशावरची ऊ'. तो माशाच्या कातडीखाली बसून खातो. तिथे औषध पोचत नाही. पोसला की बाहेर पडून खडीत जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ही पोरं पाण्यात पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणजे माझ्या माशांचे ठिपके गेले, तेव्हा रोग खाली खडीत वाढत होता. शिवाय डिसेंबरातलं गार पाणी. ऊब असली की हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, गारठ्यात ते रेंगाळतं. मी मात्र ठिपक्यांकडे बघून दिवस मोजले.

दुसरी चूक त्याहून मोठी. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मिथिलीन ब्लू तीच मारतं. म्हणजे माझे मासे रोगाबरोबर स्वतःच्याच घाणीनेही गुदमरले.

पुढच्या पावसाळ्यात एक पाणवनस्पती आणली आणि तिच्याबरोबर ठिपके परत आले. या वेळी सगळे मासे बाहेर काढले. भांड्यांच्या दुकानातून 40 लिटरचा प्लास्टिकचा टब आणला होता. त्यात खडी नाही, झाडं नाहीत. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एक हीटर, एअर पंप आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज आधीपासून मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात ठेवलेला होता, त्यामुळे जिवाणू तयार होते. कार्बन औषध शोषून घेतो, म्हणून तो घातला नाही.

निळी बाटलीही या वेळी उघडली नाही. पाणी हळूहळू 29 अंशांवर नेलं आणि लिटरला दोन ग्रॅम या हिशेबाने जाडं मीठ दिवसभरात तीन हप्त्यांत, विरघळवून घातलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप सतत चालू. रोज पाव टब पाणी बदलायचं आणि तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ पुन्हा घालायचं. गप्पी-मोलींना हे सोसतं. गोल्डफिशला एवढी उष्णता नको आणि लोचसारख्या नाजूक माशांना मीठ बेतानेच. शेवटचा ठिपका गेल्यावरही आणखी दहा दिवस हा कोर्स चालू ठेवला. नातीने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली.

मोठी टाकी तोवर रिकामी, पण बंद नाही. मासाच नसला की परजीवी उपाशी मरतो. फिल्टरचे जिवाणू मात्र उपाशी राहू नयेत, म्हणून दिवसाआड चिमूटभर खाद्य टाकत होतो. शेजारी विचारायचे, "आबा, मासे कुठायत? खायला कुणाला घालताय?"

आता ती टाकी सांभाळायला फार काही करावं लागत नाही. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी आधी हायपो घालतो. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्याच्या बादलीतच पिळतो. टबाची जाळी आणि पाइप वेगळे ठेवतो, वापरले की उन्हात खडखडीत वाळवतो. औषध द्यायची वेळ आलीच तर आधी पाणी मोजतो. 90 गुणिले 30 गुणिले 38 सेंटीमीटर, भागिले हजार, म्हणजे जवळपास 103 लिटर. खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की 85 च उरतात. डोस 85 चा.

अजूनही कुणी माझ्याकडे माशासाठी टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मागतं. चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, हे तर सांगतोच. या परजीवीवर त्या चालत नाहीत, हेही सांगतो. मग विचारतो, "टब आहे का घरी?"

अलीकडेच नातीने सहा नवे गप्पी पसंत केले. ते टबात आहेत. नवे मासे टाकीत सोडण्याआधी चार आठवडे टबातच ठेवतो; आज अकरावा दिवस. ती रोज काचेला लावावं तसं नाक टबाला लावते आणि म्हणते, "आबा, यांना तर काहीच झालेलं नाही." मी तिच्या हातात पेन देतो. अजून सतरा फुल्या बाकी आहेत.