बासिलान बेटावरील पाहुणी फौज

एकत्र कुटुंबांत ज्यांचे दिवस गेले आहेत त्यांना हा अनुभव नवा नाहीं. घरांतला तंटा विकोपास गेला म्हणजे बाहेरच्या एखाद्या वजनदार गृहस्थाला मध्यें घालावें, अशी सूचना कोणी तरी करतो, आणि लगेच माजघरांतून एखादी वडीलधारी बाई विचारते, "तो येईल हो, पण मग जाईल केव्हां?" फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील बेटांत २००२ सालीं हाच प्रश्न एका अख्ख्या राष्ट्रापुढें उभा राहिला. सशस्त्र इस्लामी टोळ्यांचा बीमोड करण्यास मदत म्हणून तेथें अमेरिकन फौज आली. तिनें काय केलें, तिच्या हातून काय झालें नाहीं, आणि तिला तेथें काय करूं दिलें गेलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे. आमच्या मतें यांतली तिसरी गोष्टच सर्वांत महत्त्वाची.

वाचकांनीं नकाशा उघडून बसावें. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशांत मिंदानाओ हें दक्षिणेकडील मोठें बेट. त्यावरील झांबोआंगा शहरापासून नैर्ऋत्येस बासिलान, होलो, तावी-तावी अशी बेटांची माळ थेट बोर्निओच्या दिशेनें गेली आहे. देश बहुतांशीं रोमन कॅथॉलिक. या बाजूस मात्र मुसलमानांची जुनी वस्ती. मनिला येथें स्पॅनिश सत्ता तीनशें वर्षांवर नांदली, तरी सुलूच्या सुलतानांचा हा कोपरा तिला पुरतेपणीं कधींच पचला नाहीं. स्पॅनिशांनीं या लोकांस 'मोरो' म्हटलें. गोमंतकांत पोर्तुगीज लोक मुसलमानांना ज्या नांवानें ओळखीत, त्याचाच हा सख्खा भाऊ. हिणवण्यासाठीं दिलेलें तें नांव पुढें त्या लोकांनीं अभिमानानें स्वतःच उचललें.

१८९८ सालीं स्पेननें हीं बेटें दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवालीं केलीं. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकेनें सुलूच्या सुलतानाशीं करार केला, आणि १९०४ सालीं तो एकतर्फी मोडला. त्यानंतरची हकीकत कटु आहे. होलो बेटावर बुद दाहो नांवाचा एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. कर देण्यास नाकारून शेंकडों मोरो बायकामुलांसह त्याच्या विवरांत जाऊन राहिले होते. १९०६ च्या मार्चमध्यें अमेरिकन फौजेनें तोफा वर चढवून त्यांच्यावर हल्ला केला. हल्लेखोरांपैकीं सुमारें वीस पडले. आंतल्यांपैकीं वांचलीं तीं अगदीं थोडीं माणसें. मार्क ट्वेन यानें या प्रकारावर जळजळीत लिहून ठेवलें, परंतु त्याच्या हयातींत तें छापलें गेलें नाहीं. अमेरिकेंत ही गोष्ट लौकरच विस्मृतींत गेली. होलोवर मात्र ती आजीकडून नातवाकडे येत राहिली.

१९४६ सालीं देश स्वतंत्र झाला. उत्तरेकडील ख्रिस्ती शेतकरी मिंदानाओवर येऊन वसत गेले, जमिनींचे तंटे वाढले, आणि १९७० नंतर मोरोंचें सशस्त्र बंड पेटलें. त्याच्या निरनिराळ्या शाखांचा इतिहास येथें सांगत बसत नाहीं. त्यांतील मोठ्या संघटनांना स्वतःच्या भूमींत स्वतःचा कारभार हवा होता, आणि त्यांच्याशीं सरकार वाटाघाटी करूं शकत होतें, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे. १९९१ च्या सुमारास बासिलानवर अब्दुराजाक जंजालानी यानें उभी केलेली 'अबू सय्याफ' ही टोळी वेगळ्या जातीची निघाली. १९९८ सालीं तो चकमकींत मारला गेला, आणि मग तिच्या धर्मयुद्धाच्या भाषेखालीं खंडणीचा धंदा फोफावला. २००० च्या एप्रिलमध्यें तिनें मलेशियाच्या सिपादान बेटावरून २१ माणसें पळविलीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत पालावानजवळच्या एका विहारस्थळावरून २० माणसें नेलीं. त्यांत तीन अमेरिकन होते, आणि त्यांपैकीं एकाचा शिरच्छेद झाला.

तेवढ्यांत त्याच वर्षीं सप्टेंबरांत न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले, आणि अमेरिकेची नजर या लहानशा बेटाकडे वळली. अध्यक्षा ग्लोरिया मकापागाल आरोयो यांनीं मदत स्वीकारली खरी, पण त्यांचे हात बांधलेले होते. १९८७ च्या राज्यघटनेप्रमाणें सेनेटची संमति असलेल्या तहावांचून परकीय फौजेला देशांत थारा नाहीं, आणि याच सेनेटनें १९९१ सालीं अमेरिकन तळांची मुदत वाढविण्यास नकार दिला होता. म्हणून या मोहिमेला संयुक्त कवायतीचें रूप देण्यांत आलें. नांव ठेवलें 'बालिकातान', म्हणजे खांद्याला खांदा. अट अशी कीं, अमेरिकन शिपायानें स्वसंरक्षणापुरतीच बंदूक चालवावी. प्रत्यक्ष लढाई फिलिपिनो सैन्यानेंच करावी.

सुमारें १३०० अमेरिकन आले. त्यांतील खास पथकांचे दीडशेंच्या आसपास शिपाई बासिलानवर फिलिपिनो पलटणींबरोबर राहिले. शिकवणी, टेहळणी, जखमींची ने-आण हीं त्यांचीं कामें. परंतु बेटाचा रंग पालटला तो निराळ्याच मंडळींनीं. नौदलाच्या बांधकाम पथकानें रस्ते दुरुस्त केले, विहिरी खणल्या, विमानाची धांवपट्टी नीट केली. डॉक्टर गांवोगांव जाऊन औषधपाणी करूं लागले. आणि हें सर्व करतांना शक्य तेथें फिलिपिनो शिपाई पुढें आणि अमेरिकन मागें, असा प्रघात ठेवला गेला. ज्या याकान खेडुतांनीं सैन्य म्हणजे जाळपोळ एवढेंच पाहिलें होतें, त्यांच्या दाराशीं तोच शिपाई पाण्याचा नळ घेऊन आला. मग टोळी कोणत्या रानांत आहे, हेंही हळूहळू कानावर येऊं लागलें. वर्ष संपण्याच्या आंत अबू सय्याफचा मोठा भाग बासिलान सोडून पसार झाला.

हें सारें फुकट मिळालें नाहीं. फेब्रुवारींत एक हेलिकॉप्टर समुद्रांत कोसळून १० अमेरिकन मृत्यु पावले. जूनमध्यें उरलेल्या ओलिसांच्या सुटकेसाठीं फिलिपिनो तुकडीनें हल्ला केला, तेव्हां एक अमेरिकन मिशनरी आणि एक फिलिपिनो परिचारिका गोळीबारांत मरण पावलीं. मिशनऱ्याची पत्नी तेवढी वांचली. शिवाय पसार झालेली टोळी नष्ट झालेली नव्हती. २००४ च्या फेब्रुवारींत मनिलाच्या उपसागरांत तिच्या बाँबनें एक उतारूंची आगबोट पेटली आणि ११६ जीव गेले.

बासिलानच्या यशानें अमेरिकेचा हुरूप वाढला. २००३ च्या आरंभीं होलोवर अमेरिकन शिपाई प्रत्यक्ष लढाईंत उतरणार, अशी वार्ता वॉशिंग्टनहून आली. होलोवर एकच गिल्ला झाला. लोकांनीं १९०६ सालाची आठवण करून दिली. मनिलानेंही घटनेवर बोट ठेवलें, आणि बेत सोडून द्यावा लागला. पुढें अमेरिकन तेथें गेले ते बासिलानच्याच अटींवर. शंभर वर्षांपूर्वींच्या मृतांनीं जणूं ही लक्ष्मणरेषा आंखून ठेवली होती.

दुसऱ्या एका मदतीची आपल्याकडे फारशी वाचा झाली नाहीं. २००४ सालापासून मलेशिया, ब्रूनेई, लिबिया या देशांचे लष्करी अधिकारी मिंदानाओवर युद्धबंदीची देखरेख करूं लागले. हे पाहुणे हातांत शस्त्र न घेतां आले होते.

इतकें होऊनही २०१७ च्या मे महिन्यांत मारावी शहर पेटलें. सरोवराकांठचें हें शहर मारानाओ लोकांचें. आमच्या वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु या मुसलमान लोकांत 'महाराडिया लावाना' नांवाची एक कथा चालत आलेली आहे, आणि हा लावाना म्हणजे आपला रावण! अशा शहरांत इस्लामिक स्टेटचें निशाण घेतलेल्या टोळ्यांनीं ठाण मांडलें, आणि वेढा पांच महिने चालला. त्या वेळचे अध्यक्ष दुतेर्ते यांनीं, आपण अमेरिकेची मदत मागितलेली नाहीं, असें जाहीर सांगितलें. त्यांच्या सैन्याला मात्र ती मिळत होती. अमेरिकन व ऑस्ट्रेलियन विमानें आकाशांतून टेहळणी करीत, चीननें बंदुका पाठविल्या. जमिनीवर लढणारे फिलिपिनोच. त्यांचे दीडशेंहून अधिक शिपाई पडले. शहर मोकळें झालें तेव्हां त्याचा मध्यभाग बाँबवर्षावानें ढिगारा होऊन बसला होता, आणि साडेतीन लाखांवर माणसें घराबाहेर पडलेलीं होतीं.

मोरोंच्या स्वायत्त प्रदेशाचा कायदा त्यानंतर २०१८ सालीं झाला, आणि पुढील वर्षीं लोकांनीं त्यावर मतें दिलीं. होलो ज्यांत आहे त्या सुलू प्रांतानें त्यालाही नाहीं म्हटलें. तरी तो आंत घेतला गेला, आणि २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यास बाहेर काढलें. मारावीच्या रहिवाशांना भरपाई देण्याचा कायदा मात्र २०२२ च्या एप्रिलमध्यें झाला, म्हणजे वेढा उठल्यावर साडेचार वर्षांनीं. त्या ढिगाऱ्यांत ज्यांचें घर होतें, त्यांपैकीं पुष्कळांचे जमिनीचे कागदही घराबरोबरच जळून गेले होते.