पत्र्याचा जोड कुठल्या बाजूला?

घाटातल्या वळणावर लोखंडी पत्र्याचा नागमोडी कठडा असतो. त्याचे तुकडे एकमेकांवर चढवून बोल्टने आवळलेले असतात. दर हिवाळ्यात एम.टेक.च्या मुलांना घेऊन मी रस्त्यावर जाते, तेव्हा त्यांना पहिलं काम हेच देते. हातमोजे घाला आणि वाहनं ज्या दिशेने जातात त्या दिशेने जोडावरून हात फिरवा. हात सुळकन पुढे गेला तर जोड बरोबर आहे. पत्र्याची कड बोटांना अडली तर तो उलटा बसवलाय. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, सारखेच चकाकतात आणि एमबीत म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत दोन्हींचे मीटरही तेवढेच लागतात. फरक कळतो तो गाडी येऊन आदळल्यावर. सुलट जोडाच्या कठड्याला गाडी घासत जाते आणि वेग हरवत थांबते. उलट्या जोडात तीच गाडी अडकते, आणि कधी पत्रा सुटून आत घुसतो.

मागच्या तुकडीतल्या एकाने तिथेच विचारलं, "मॅडम, हे कुणी बघतं का?"

ते बघण्याचं काम म्हणजेच रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण. साइटवर त्याला सगळे 'सेफ्टी ऑडिट' म्हणतात. या नावामुळे बऱ्याच जणांचा घोळ होतो. हिशेबाचा ऑडिटर झालेल्या व्यवहाराच्या पावत्या तपासतो. इथे मात्र अपघात व्हायच्या आधीच, शक्य झालं तर रस्ता कागदावर असतानाच, विचारायचं असतं की या जागी कोण, कसा आणि कुठल्या चुकीमुळे मरेल. आराखडा संहितेप्रमाणे आहे की नाही, हे बघणं वेगळं काम आहे. प्रत्येक कलम पाळून बांधलेला रस्ताही जीवघेणा असू शकतो. मुलांना हे पचवायला अर्धं सत्र जातं.

ही कल्पना १९८०च्या दशकात इंग्लंडच्या केंट परगण्यात रुजली, आणि ती आली रेल्वेकडून. तिथे एकोणिसाव्या शतकापासूनच रेल्वेमार्ग बांधणाऱ्याला तो परस्पर सुरू करता येत नसे. आधी बाहेरचा निरीक्षक येऊन तो तपासत असे. रस्त्यांना हाच नियम का नसावा, असं केंटच्या अभियंत्यांच्या मनात आलं. १९९१पासून ब्रिटनच्या मुख्य महामार्गांवर असं ऑडिट सक्तीचं झालं. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ते उचललं. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली त्याची नियमपुस्तिका काढली आणि २०१९मध्ये ती सुधारली.

रेल्वेचं मूळ मी मुद्दाम सांगते, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. मेट्रोचा नवा टप्पा तयार झाला की पुण्या-मुंबईतले लोक एका प्रमाणपत्राची वाट बघतात. सीएमआरएस म्हणजे मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, तपासतात, त्रुटी काढतात आणि मगच प्रवासी आत जातात. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची ही यंत्रणा रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्याने बांधलं त्यानेच 'ठीक आहे' म्हणायचं नाही, एवढ्यासाठी ही सोय. रस्त्याच्या बाबतीत फीत कापली की गाड्या धावू लागतात. ऑडिट होतं, पण ऑडिटरच्या सहीशिवाय रस्ता उघडायचाच नाही, असा अधिकार त्याला नाही. माझ्या मते या विद्येचं सगळं दुबळेपण इथे आहे, आणि ते विद्यार्थ्यापासून लपवू नये.

वर्गात येणारी मुलं एक वाक्य घेऊनच येतात. आपल्याकडे अपघाताच्या फिर्यादीत ते ठरलेलं असतं: 'भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून'. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. सरकारी अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण जिथे उतारावर सरळ रस्ता एकाएकी वळतो आणि वळणाआधी एकही फलक नाही, तिथे वेग कुणी वाढू दिला, हा प्रश्न त्या रकान्यात मावत नाही. दिल्ली आयआयटीचे दिनेश मोहन हयातभर हेच सांगत आले: माणूस चुकणार हे धरून रस्ता आणि वाहन बनवा. २०२१च्या मे महिन्यात ते कोविडने गेले. या देशात रस्ता सुरक्षेला विद्यापीठात शास्त्र म्हणून जागा मिळाली, तिच्यामागे त्यांचा वाटा फार मोठा आहे.

माझ्या शिक्षणात हे काही नव्हतं. खडीचा कस, डांबराचं प्रमाण, थरांची जाडी हे सगळं आम्ही चार वर्षं मन लावून शिकलो. सुरक्षितता शेवटच्या धड्यात होती आणि परीक्षेत ती पाच मार्कांच्या टिपेपुरती यायची. आता दिल्ली, मुंबई, मद्रासच्या आयआयटींत, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि इतर काही ठिकाणी वाहतूक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणात हा विषय शिकता येतो. ऑडिटर होण्यासाठी अनुभवी अभियंत्यांना नोएडाच्या इंडियन अकॅडमी ऑफ हायवे इंजिनिअर्समध्ये पंधरा दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. पंधरा दिवसांत पुस्तिका कळते, पण नजर तयार व्हायला वेळ लागतो. म्हणून हे पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच हवं. वीस वर्षं ड्रॉइंग काढून हात पक्का झाल्यावर स्वतःच्या ड्रॉइंगकडे परक्याच्या डोळ्यांनी बघणं फार जड जातं.

नजर तयार करायचा माझा आवडता पाठ आहे थांबण्याच्या अंतराचा. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या चालकाला अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात, आणि तेवढ्यात गाडी सुमारे ७० मीटर पुढे गेलेली असते. त्यावर ब्रेक लागून थांबायचं अंतर मिळवलं की आकडा येतो १८० मीटर. चालकाचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंचीवर आणि अडथळा १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे वीतभरही नाही, असं संहिता धरून चालते. वर्गात हे दोन मिनिटांत सुटतं. रस्त्यावर मात्र मी मुलांना साइडपट्टीवर गुडघ्यांवर बसवते, डोळा टेपने मोजून १.२ मीटरवर आणायला लावते आणि पुढच्या चढापलीकडे ठेवलेलं खोकं दिसतं का, ते विचारते. चढाचा माथा मध्ये येतो आणि खोकं गायब होतं. एकदा एक मुलगी तशीच बसून होती. जरा वेळाने म्हणाली, "मॅडम, तिसरीतल्या पोराचे डोळे पण एवढ्याच उंचीवर असतात ना?" असतात. रस्ता ओलांडणाऱ्या त्या पोराला येणारी गाडी किती लांबून दिसते, हे मात्र या सूत्रात कुठेच नाही. त्या दिवसापासून आमच्या तपासणीच्या कागदावर तो रकाना आहे.

पुस्तिकेत ऑडिटचे टप्पे दिले आहेत. व्यवहार्यता, प्राथमिक आराखडा, तपशीलवार आराखडा, बांधकाम सुरू असताना, रस्ता खुला होण्याआधी, आणि वापरात असलेल्या रस्त्याचं. जितक्या आधीच्या टप्प्यावर चूक सापडेल तितकी ती स्वस्तात सुटते. ड्रॉइंगवरचा फाटा खोडरबरने हलतो, बांधलेला फाटा हलवायला भूसंपादन लागतं. चांगलं उदाहरण द्यायचं तर पंढरीच्या पालखी मार्गाचं देता येतं. तिथल्या रुंदीकरणात पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आराखड्यातच धरली गेली. त्या रस्त्यावर आषाढात कोण असणार, हे ठाऊक असलेल्या माणसांनी तो आखला.

तपासणी दिवसा आणि रात्री अशी दोन्ही वेळा करायची, हा नियम आहे. मी त्यात भर घालते की आपल्याकडे ती हंगाम बघूनही करावी. गळीत हंगामात उसाचा ट्रॅक्टर मागे दोन ट्रॉल्या घेऊन अंधारात निघतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दिवसा ज्या रस्त्याला मुलांनी नव्वद गुण दिले होते, तोच रस्ता त्यांनी रात्री गाडीत बसून पाहिला तेव्हा पांढरे पट्टे पुसलेले निघाले, मोरीच्या कठड्यावरचा काळा-पिवळा रंग उडालेला निघाला, आणि समोरच्या हेडलाइटमध्ये साइडपट्टी कुठे संपते तेच कळेना. परतताना कुणी बोललं नाही.

मग अहवाल लिहायचा. पहिल्या मसुद्यात हमखास एक वाक्य येतं, 'वाहनचालकांनी सावधगिरी बाळगावी.' मी ते खोडते. ऑडिटर चालकाला उपदेश करत नाही. धोका कुठे आहे, तिथे कुणाला आणि कशी इजा होईल, आणि कुठली दुरुस्ती आधी हवी, हे त्याने लिहायचं. प्रत्येक शिफारशीवर रस्त्याच्या मालकाने लेखी उत्तर द्यायचं असतं. मान्य असेल तर मान्य, नसेल तर का नाही. तो उत्तराचा रकाना मला अहवालाइतकाच मोलाचा वाटतो, कारण नंतर काही घडलं तर कुणाला काय माहीत होतं ते तिथे लिहिलेलं असतं. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम १९८ अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम तुटपुंजी आहे. पण रस्ताही दोषी असू शकतो, हे कायद्याने पहिल्यांदा मानलं.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर गाडी आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. हे प्रकरण शिकवताना मी सुरुवातीलाच सांगते, मागच्या सीटवर बेल्ट लावलेला नव्हता, वेग होता, ते सगळं खरं, आता त्यापुढे बोला. मग मुलं बोलू लागतात. तीन मार्गिका पुलापाशी दोन होत होत्या. ज्या जागी चालकाला बाजूला सरकावं लागत होतं, तिथेच काँक्रीटचं उघडं तोंड समोर येत होतं. सरकण्याची सूचना किती आधी मिळायला हवी? धक्का शोषणारं काही त्या तोंडापुढे का नव्हतं? एकाच्या चुकीने दुसऱ्याची चूक माफ होत नाही, हे तिथे बसून कळतं.

मुलांना खरी भीती वाटते ती वेगळीच. उद्या ज्या कंपनीत नोकरी करायची, तिथल्याच साहेबांच्या ड्रॉइंगवर 'हे घातक आहे' असं कसं लिहायचं? पुस्तिका म्हणते की ऑडिटर आराखडा करणाऱ्यांहून स्वतंत्र हवा. ते सांभाळायला माणसाला कणा लागतो. मी एवढंच करू शकते की वर्गात त्यांना एकमेकांचे आराखडे तपासायला लावते, जिवलग मित्राचेसुद्धा, आणि नावासकट वाचून दाखवायला सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीने एका फाट्यावरचा एसटी थांबा वळणातून काढून पुढच्या सरळ तुकड्यात न्यावा, असं लिहिलं होतं. ते ऐकलं गेलं. यंदा नवी मुलं घेऊन मी मुद्दाम तिथे थांबले. नवा थांबा होता, फलकही होता, पण तिथे कुणीच नव्हतं. माणसं जुन्याच जागी, वळणातल्या चिंचेखाली उभी होती.

"आजी, थांबा तिकडं गेला ना?" एका मुलाने विचारलं.

"गेला की. पण तिथं ऊन किती हाय बघ. आन् डायवर वळखीचा हाय, हितंच थांबतो."

त्याने वही उघडून लिहिलं: नव्या थांब्यावर निवारा नाही, झाड नाही. प्रवासी अजून वळणातच. धोका कायम. मग जोडीदारणीला हाक मारून त्याने टेप सोडला आणि दोघं चिंचेपासून वळणापर्यंतचं अंतर मोजू लागले. आजींनी आपली पिशवी उचलून टेपला वाट करून दिली.