बांधावरचा आंबा का वाळतो?

उसाला पाणी, खत आपण वेळेवर देतो. बांधावरच्या जुन्या आंब्याकडं लक्ष जातं ते फांदी वाळल्यावरच. शेंडा वाळू लागला, पानं पिवळी पडून गळू लागली, की आमचं सांगणं एवढंच, आधी बुंधा बघा. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला, तर ती भिरुडाची अळी. तारेच्या आकड्यानं ओढून काढा, भोक चिखलानं लिंपा. भुसा नसेल, तर मुळाशी उकरा. उसाचं पाणी तिथं साचत असेल, तर मुळ्यांना हवा मिळत नाही, त्या कुजतात. झाड सुकलं म्हणून आणखी पाणी सोडू नका; चर काढून साचलेलं पाणी काढून द्या. आजोबांनी लावलेलं झाड गेलं, तर तेवढी सावली पुन्हा व्हायला पंचवीस-तीस वर्षं जातात.